सुब्रह्मण्यन चंद्रशेखर : ताऱ्यांच्या अंताचा अभ्यासक

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यासमोर प्रेसिडेन्सी कॉलेजची जुनी लाल इमारत उभी आहे. शहराचे नाव मद्रास होते त्या काळात, १९२५ साली, एका मुलाने या महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्याच्या वयाची पंधरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. पुढे या मुलाने ताऱ्यांच्या मृत्यूविषयी एक असा निष्कर्ष मांडला की, तो स्वीकारण्यास त्या काळातील मोठमोठे खगोलशास्त्रज्ञही धजले नाहीत. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे त्याचे नाव.

चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोर येथे झाला. वडील सुब्रह्मण्य अय्यर सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात अधिकारी होते आणि नोकरीनिमित्त कुटुंबाला गावोगाव फिरावे लागे. लाहोरनंतर लखनौ आणि १९१८ मध्ये मद्रास असा त्यांचा प्रवास झाला. दहा भावंडांत चंद्रशेखर तिसरे, मुलग्यांत मात्र पहिले. आई सीतालक्ष्मी यांचे शालेय शिक्षण फार झालेले नव्हते. तरीही त्यांनी इंग्रजी आत्मसात करून इब्सेनच्या एका प्रसिद्ध नाटकाचा तमिळ अनुवाद केला होता. बाराव्या वर्षापर्यंत चंद्रशेखर घरीच शिकले. त्यानंतर तिरुवल्लिक्केणी भागातील हिंदू हायस्कूलमध्ये त्यांनी तीन वर्षे काढली. काका चंद्रशेखर वेंकट रामन हे तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला येत होते. तथापि लहानग्या चंद्रशेखरच्या मनावर ठसा उमटला तो दुसऱ्याच माणसाचा. १९२० साली गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे निधन झाल्याची बातमी आईने त्याला सांगितली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मद्रासमधला एक सामान्य कारकून केंब्रिजला जातो आणि जगातील श्रेष्ठ गणितींमध्ये गणला जातो, ही गोष्ट त्याला आयुष्यभर बळ देत राहिली.

मुलाने सनदी सेवेत जावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा ओढा शुद्ध गणिताकडे होता. अखेर भौतिकशास्त्राच्या ऑनर्स पदवीवर तडजोड झाली. गणिताच्या तासांना जाऊन बसण्याचा परिपाठ मात्र चंद्रशेखर यांनी सोडला नाही.

१९२८ साली जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड मद्रासला आले. चंद्रशेखर यांनी त्यांचे पुस्तक मन लावून अभ्यासले होते. ते धीर करून पाहुण्यांना भेटण्यासाठी त्यांच्या हॉटेलात गेले. सोमरफेल्ड यांनी त्यांना सांगितले की, त्या पुस्तकातील भौतिकशास्त्र आता जुने झाले आहे; गेल्या दोन-तीन वर्षांत अणुविज्ञानाचा पायाच बदलला आहे. आपल्या अद्याप अप्रकाशित लेखाची मुद्रिते त्यांनी या विद्यार्थ्याच्या हाती दिली. दुसरा एखादा विद्यार्थी हताश झाला असता. चंद्रशेखर यांनी ते नवे विज्ञान स्वतःच शिकून घेतले आणि १९२९ साली, पदवी मिळण्यापूर्वीच, त्यांचा शोधनिबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

१९३० मध्ये इंग्लंडमधील शिक्षणासाठी त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. त्या वेळी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि दुखणे बरे होण्याजोगे नाही हे घरात सर्वांना कळून चुकले होते. मुलाने जावे की राहावे, हा प्रश्न आईनेच सोडवला. त्याने गेलेच पाहिजे, असा तिचा आग्रह होता. ३१ जुलै १९३० रोजी चंद्रशेखर मुंबईहून बोटीने निघाले. पुढल्या वर्षी मे महिन्यात आईचे निधन झाल्याची वार्ता त्यांना केंब्रिजमध्ये कळली.

पावसाळी समुद्र खवळलेला होता. तो शांत झाल्यावर एकोणीस वर्षांचा हा तरुण डेकवरील खुर्चीत कागद घेऊन बसला आणि एक प्रश्न सोडवू लागला. तो प्रश्न समजून घ्यायचा तर ताऱ्याच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

तारा हा वायूचा प्रचंड गोळा असतो. गुरुत्वाकर्षण त्याला आत दाबत असते आणि केंद्रातील उष्णतेमुळे निर्माण होणारा दाब त्याला बाहेर रेटत असतो. इंधन संपले की हा रेटा ओसरतो आणि तारा आक्रसू लागतो. मग तो थांबतो कुठे? व्याधाच्या ताऱ्याला एक अंधूक जोडीदार आहे. त्याचे वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढे, आकार मात्र पृथ्वीएवढा. अशा ताऱ्यांना श्वेत बटू म्हणतात. त्यांच्यातील चमचाभर द्रव्याचे वजन काही टन भरेल. एवढ्या दाटीतही तो तारा कोसळत का नाही, याचे उत्तर केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांनी १९२६ मध्ये दिले होते. एका मर्यादेपलीकडे इलेक्ट्रॉन एकमेकांजवळ येऊ शकत नाहीत. त्यांचाच दाब ताऱ्याला तोलून धरतो. त्यामुळे प्रत्येक ताऱ्याचा शेवट असाच शांतपणे होत असणार, अशी सर्वांची समजूत झाली.

बोटीवर चंद्रशेखर यांच्या लक्षात आले की, इतक्या दाटीत इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोहोचतो, आणि फाउलर यांनी आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत हिशेबात घेतलेला नाही. तो घेतला की गणिताचे उत्तर पालटते. वस्तुमान एका ठराविक मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर इलेक्ट्रॉनांचा दाब अपुरा पडतो आणि तारा श्वेत बटू होऊच शकत नाही. ही मर्यादा सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पट आहे. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तिला चंद्रशेखर मर्यादा म्हणतात.

केंब्रिजमध्ये या निष्कर्षाचे स्वागत थंडपणे झाले. स्वतः फाउलर यांनाही त्यात विशेष काही आढळले नाही. तो निबंध अखेर १९३१ मध्ये अमेरिकेतील नियतकालिकात छापला गेला. १९३३ मध्ये चंद्रशेखर यांना डॉक्टरेट मिळाली, ट्रिनिटी कॉलेजचे फेलो म्हणून त्यांची निवड झाली, आणि त्यांनी पुन्हा श्वेत बटूंचा प्रश्न हाती घेतला. आता अंदाज पुरेसा नव्हता. एकेका ताऱ्याचा काटेकोर हिशेब हवा होता. हाताने दांडा फिरवायच्या गणनयंत्रावर तासन्‌तास आकडेमोड चाले. त्या दिवसांत सर आर्थर एडिंग्टन त्यांच्या खोलीवर वारंवार येत, काम कुठवर आले याची चौकशी करीत. एडिंग्टन हे ताऱ्यांच्या अंतरंगाचे त्या काळातील सर्वश्रेष्ठ जाणकार होते. त्यांची ही आस्था पाहून चंद्रशेखर यांना धन्यता वाटत असे.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत चंद्रशेखर यांनी आपला निबंध वाचला. त्यांच्यानंतर लगेच एडिंग्टन उभे राहिले. मर्यादेपेक्षा जड तारा आकसत जाईल, इतका की त्याच्यातून प्रकाशही निसटणार नाही, हा निष्कर्ष त्यांनी अचूक ओळखला होता. पण तारा असे वेडेवाकडे वागेल हे त्यांना मान्य नव्हते. निसर्गात असे होऊ न देणारा काही तरी नियम असलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. सभेत हशा पिकला. चोवीस वर्षांच्या चंद्रशेखर यांना उत्तर देण्याची संधीही मिळाली नाही. त्या रात्री ते केंब्रिजला परतले तेव्हा आपली सारी मेहनत धुळीस मिळाली असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

एडिंग्टन चुकले, हे खरे. पण विज्ञानात चूक कोणाकडूनही होते. मनाला अधिक लागते ते इतरांचे मौन. नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांना चंद्रशेखर यांचे गणित बरोबर असल्याचे ठाऊक होते आणि खासगीत ते तसे बोलूनही दाखवीत. जाहीरपणे मात्र त्यांच्यापैकी कोणी पुढे आले नाही. वाद काही वर्षे रेंगाळला. मर्यादेपलीकडील ताऱ्यांचे काय होते, हा प्रश्न खगोलशास्त्राने पुढे कित्येक वर्षे बाजूलाच ठेवला. विशेष हे की, दोघांचे वैयक्तिक संबंध कधी तुटले नाहीत. १९४४ मध्ये एडिंग्टन वारले तेव्हा चंद्रशेखर यांनी त्यांच्या कार्याचा मनःपूर्वक गौरव केला.

इंग्लंडमध्ये यापुढे आपल्याला जागा नाही, हे चंद्रशेखर यांनी ओळखले. १९३६ मध्ये ते मद्रासला आले आणि ललिता दोरैस्वामी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ललिताही प्रेसिडेन्सी कॉलेजच्याच भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनी. याच मुक्कामात त्यांनी रामानुजन यांच्या पत्नीची भेट घेऊन पारपत्रावरील छायाचित्र मिळवले. रामानुजन यांचा जो चेहरा आज आपण सर्वत्र पाहतो, तो या छायाचित्रातला. १९३७ च्या आरंभी हे दांपत्य अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या यर्कीज वेधशाळेत दाखल झाले. गोऱ्या नसलेल्या माणसाने विद्यापीठाच्या आवारात शिकवावे, याला तेथील एका अधिष्ठात्यांचा विरोध होता. विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी तो मोडून काढला. चंद्रशेखर अखेरपर्यंत याच विद्यापीठात राहिले.

१९३९ मध्ये त्यांनी ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, त्यात आपली मर्यादा सविस्तर नोंदवली आणि तो विषय मिटवला. भांडत बसायचे नाही, दुसऱ्या प्रश्नाकडे वळायचे, असा त्यांचा निश्चय होता. पुढे हीच त्यांची कार्यपद्धती बनली. एक विषय घ्यायचा, त्यात काही वर्षे बुडून जायचे, ग्रंथ लिहून तो पूर्ण करायचा आणि तेथून उठायचे. ताऱ्यांच्या समूहांची गती, प्रकाशाचा वायूतून होणारा प्रवास, चुंबकीय क्षेत्रातील द्रवांची स्थिरता, फिरणाऱ्या गोलांचे आकार अशी त्यांची वाट आहे. ती पाहताना प्रथम वाटते की, मूळ प्रश्न त्यांनी सोडून दिला. पण आज, दीर्घिकांच्या केंद्रांविषयी जे कळले आहे त्याच्या उजेडात पाहिले, तर या निरनिराळ्या वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळताना दिसतात.

आपल्या आकाशगंगेसारख्या मोठ्या दीर्घिकेच्या केंद्रात एक महाकाय कृष्णविवर असते, हे आता बहुतांशी मान्य झाले आहे. कृष्णविवराला वाढण्यासाठी वायू लागतो. तारे जन्माला येतात तेही वायूपासूनच. म्हणजे एकाच शिध्यावर दोघांची गुजराण. दीर्घिकेत तारे भराभर जन्मू लागले की वायू त्यांच्यात खर्च होतो. शिवाय त्यांतले जड तारे अल्पायुषी असतात. अशा ताऱ्याच्या पोटात लोखंडाचा गाभा साठत जातो. तो चंद्रशेखर मर्यादा ओलांडतो, त्याच क्षणी स्वतःच्या भाराखाली कोसळतो आणि बहुधा तारा स्फोट पावतो. या स्फोटांनी भोवतालचा वायू तापतो, उधळला जातो, आणि केंद्राकडे जाणारा पुरवठा आटतो. कधी उलटही होते. ढवळून निघालेल्या वायूचा काही भाग आपली गती गमावून आत घरंगळतो. कृष्णविवराच्या तोंडचा घास कमी-अधिक करणाऱ्या या स्फोटांच्या मुळाशी बोटीवर सापडलेला तोच आकडा आहे.

वायू आत पोहोचणे मुळात सोपे नसते. दोरीला बांधलेला दगड गरगर फिरवला तर तो हातावर येऊन आपटत नाही. तसाच फिरणारा वायूही केंद्राभोवती तबकडीसारखा फिरत राहतो, आत पडत नाही. त्याने आपले फिरणे कोणाला तरी देऊन टाकले पाहिजे. ते कसे घडते, याचे उत्तर दीर्घ काळ मिळत नव्हते. रशियन शास्त्रज्ञ वेलिखोव्ह यांनी १९५९ मध्ये आणि चंद्रशेखर यांनी स्वतंत्रपणे १९६० मध्ये गणिताने दाखवले होते की, आतले थर वेगाने आणि बाहेरचे थर सावकाश फिरत असलेल्या द्रवात दुबळे चुंबकीय क्षेत्र असले, तरी ते फिरणे अस्थिर होते. चुंबकीय रेषा ताणलेल्या रबरासारख्या वागतात. आतल्या वायूला त्या मागे खेचतात, म्हणून तो आणखी आत जातो. बाहेरच्याला पुढे ओढतात, म्हणून तो आणखी बाहेर सरकतो. हे गणित चंद्रशेखर यांच्या १९६१ च्या ग्रंथात तीस वर्षे पडून होते. १९९१ मध्ये बाल्बस आणि हॉली या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, कृष्णविवराभोवतीच्या तबकडीतील वायू आत उतरण्याचे रहस्य यातच आहे.

ताऱ्यांच्या जन्माच्या बाजूचेही असेच. १९५३ मध्ये एन्रिको फर्मी यांच्याबरोबर त्यांनी आंतरतारकीय वायूतील चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधण्याची एक रीत शोधली. तारे जन्मणाऱ्या वायुमेघांचा अभ्यास करताना ती आजही वापरली जाते. १९४३ मध्ये त्यांनी सिद्ध केले होते की, ताऱ्यांच्या दाटीतून जाणारी जड वस्तू हळूहळू मंदावते. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळतात तेव्हा त्यांची कृष्णविवरे केंद्राकडे ओढली जातात, ती याच कारणाने. यांपैकी बरेच उपयोग स्वतः चंद्रशेखर यांच्या मनातही नव्हते. त्यांनी गणित पूर्ण केले आणि ते पुढे गेले.

जगाला त्यांच्या मर्यादेची खरी आठवण झाली ती १९६७ नंतर. त्या वर्षी जॉसेलिन बेल यांना स्पंदन पावणारे रेडिओ तारे आढळले. मर्यादा ओलांडलेल्या गाभ्यातून बनलेले न्यूट्रॉन तारे प्रत्यक्षात असतात, हे त्यातून कळले. पाठोपाठ कृष्णविवरांचे पुरावेही मिळू लागले. साठीच्या उंबरठ्यावर चंद्रशेखर तरुणपणच्या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाकडे, कृष्णविवरांच्या गणिताकडे वळले. मध्यंतरी हृदयविकाराने गाठले, शस्त्रक्रिया झाली. काम थांबले नाही. त्यांचा कृष्णविवरांवरील ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला, त्यांच्या त्र्याहत्तराव्या वाढदिवशी, नोबेल पारितोषिकाची घोषणा झाली. विल्यम फाउलर यांच्याबरोबर ते विभागून मिळाले. हे फाउलर अमेरिकी शास्त्रज्ञ. केंब्रिजचे फाउलर वेगळे.

महाराष्ट्राशी त्यांचा एक महत्त्वाचा ऋणानुबंध जुळला. डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली पुणे विद्यापीठाच्या परिसरात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. २८ डिसेंबर १९९२ रोजी तिचा राष्ट्रार्पण सोहळा चंद्रशेखर यांच्या हस्ते झाला. तेथील सभागृहाला त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

अखेरच्या वर्षांत त्यांनी न्यूटनच्या ग्रंथाचे सामान्य वाचकांसाठी विवरण लिहिले. ते प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, २१ ऑगस्ट १९९५ रोजी, शिकागोत त्यांचे निधन झाले.

२३ जुलै १९९९ रोजी अमेरिकेने क्ष-किरण टिपणारी एक वेधशाळा अवकाशात सोडली. तिला चंद्रशेखर यांच्या सन्मानार्थ चंद्रा हे नाव देण्यात आले. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर सूर्याच्या चाळीस लाख पट वजनाचे असूनही इतके मंद का, हे कोडे होते. त्याच्या आसपास तरुण, जड ताऱ्यांचा एक घोळका आहे. या ताऱ्यांपासून वाहणारे वायूचे झोत हेच त्याचे मुख्य अन्न. २०१३ मध्ये चंद्राच्या निरीक्षणांवरून आढळले की, त्याच्याकडे ओढल्या गेलेल्या वायूपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग प्रत्यक्ष आत पडतो. उरलेला तोंडाशी येऊन बाहेर फेकला जातो. पुण्याजवळ खोडद येथे असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने २०२० मध्ये आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजन मोजला. त्यांच्याजवळचा वायू ताऱ्यांच्या निर्मितीला एक-दोन अब्ज वर्षेच पुरला असता, असे त्या मोजणीतून दिसले. पुढे विश्वात नवे तारे जन्मण्याचे प्रमाण का घटले, याचा उलगडा करण्यास तिची मदत झाली आहे.